परसातील खोपी आणि तीतली खाट

घराच्या मागल्या अंगास एखादी खोपी असल्यावाचून घर पुरे झाल्यासारखे संसारी माणसास वाटत नाही. आपल्या खेडेगावांत तीत सरपण असते, सुक्या झावळ्या असतात, कोंबड्यांचे खुराडे असते, आणि टाकून देण्यास मन होत नाही अशा पन्नास वस्तू असतात. इंग्लंडातही तीच रीत आहे. तेथील गृहस्थ घरामागच्या बागेत फळ्यांची एक लहानशी शेड उभारतो आणि तीत गवत कापण्याचे यंत्र, सायकली, कुदळी-फावडी, रंगाचे अर्धवट डबे ठेवतो. १९३९ सालच्या फेब्रुवारीपासून तेथील सरकारने हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी पन्हळी पत्र्याचे जे लहान निवारे घरोघर वाटले, ते साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद होते. सहा माणसांनी बाँबवर्षावाची रात्र त्यांत दाटीवाटीने काढावयाची. युद्ध संपल्यावर त्यांतले कितीतरी निवारे लोकांनी उकरून काढले आणि बागेतील शेड म्हणून वापरले. नाटककार बर्नार्ड शॉ हे तर आपल्या बागेतील एका खोपीतच लिहावयास बसत. ती खोपी फिरत्या बैठकीवर बसविलेली असून उन्हाच्या दिशेने वळविता येई.

ह्या परक्या देशाच्या खोपीची उठाठेव आम्ही का करीत आहो, असे वाचक विचारतील. कारण असे की, तो देश आता कित्येक घरांस परका राहिलेला नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांनी व त्यांच्या मुला-नातवंडांनी पोर्तुगालची नागरिकता नोंदवून घेतली आणि त्या पासपोर्टावर अनेक जण इंग्लंडात गेले. स्विंडन, साउथॉल ही नावे आपल्या म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी बसली आहेत. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, त्याच वर्षाच्या अखेरीस ती मोकळी वाट बंद झाली आणि आता नव्याने जाणाऱ्यास व्हिसा लागतो. परंतु जे आधी गेले ते तेथे स्थिरावले. काहींनी घरेही घेतली. घर घेतले की परसू आला, आणि परसू आला की खोपी आली. सुट्टीवर आलेली मंडळी आम्हांस विचारतात, "फादर, तिथे मागच्या बाजूला शेड घालायला कौन्सिलची परवानगी लागते का हो?" प्रश्न साधा आहे. मात्र ह्या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न दडलेला असतो व तो सहसा कोणी उघडपणे विचारीत नाही. त्या खोपीत माणूस निजवला तर चालेल काय, हा तो प्रश्न.

पहिल्याचे उत्तर आधी देऊ. येथे सांगितलेले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड ह्यांचे नियम निराळे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

१९४७ साली त्या देशात नगर व ग्राम नियोजनाचा कायदा झाला आणि १ जुलै १९४८ पासून तो अमलात आला. जमीन आपली असली तरी तीवर बांधावयाचे ते सरकारच्या अनुमतीने, हे तत्त्व त्या दिवसापासून रूढ झाले. पण कोंबड्यांच्या खुराड्यासाठीही प्रत्येकाने अर्ज करावयाचा म्हटले तर कचेऱ्या कागदांखाली बुडून जातील! म्हणून किरकोळ बांधकामांस सरकार एका हुकुमान्वये सर्वांनाच एकदम परवानगी देऊन टाकते. हल्ली चालू असलेला हुकूम २०१५ सालचा आहे, आणि परसातील शेड त्याच्या पहिल्या भागातील 'ई' वर्गात येते. तेव्हा शेडीस परवानगी लागत नाही, हे लोक म्हणतात ते तितकेसे बरोबर नाही. परवानगी लागतेच, ती काही अटींवर आधीच दिलेली असते. अट मोडली की ती परवानगीही गेली.

अटी फार कठीण नाहीत. शेड एकमजलीच असावी. घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे ती येता कामा नये; म्हणजे रस्त्याकडच्या अंगणात नव्हे, मागे अगर बाजूस. वळचण जमिनीपासून अडीच मीटरांहून, म्हणजे सुमारे आठ फुटांहून, उंच नसावी. दुपाखी छप्पर असेल तर आढे चार मीटरांपर्यंत चालते, एकपाखी किंवा सपाट असेल तर तीन मीटरांपर्यंत. मात्र शेडीचा कोणताही भाग हद्दीपासून दोन मीटरांच्या आत येत असेल, तर सगळीच शेड अडीच मीटरांच्या आत राहिली पाहिजे. बहुतेक लोक नेमके येथेच फसतात. तेथील परसू अरुंद असतो, शेड साहजिकच कोपऱ्यात कुंपणाला लागून जाते, आणि दुकानातून आणलेल्या तयार शेडीचे आढे अडीच मीटरांच्या वर चार बोटे निघते. शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड अडू नये, एवढाच ह्या अटीचा हेतू आहे. आणि उत्तरेकडील त्या देशात हिवाळ्यातील उजेडाचे मोल काय असते, हे तेथे एक डिसेंबर काढलेल्यास सांगावयास नको.

जमीन उतरती असेल तर उंची कोठून मोजावी? शेडीलगतच्या नैसर्गिक जमिनीचा जो भाग सर्वांत उंच, तेथून. भर घालून जमीन उंच करून घेतली आणि मग मोजली, हे चालत नाही. शेडीला ओटी किंवा सज्जा नको, आणि एक फुटाहून उंच ओटाही नको. मूळ घर वगळून आवाराची जी जागा उरते, तिच्या निम्म्याहून अधिक जागेवर बांधकाम होता कामा नये. आणि ह्या निम्म्यात केवळ नवी शेड मोजावयाची नाही, तर मागल्या मालकाने वाढविलेले स्वयंपाकघर, जुनी मोटारखोली, हेही सारे मोजावयाचे. मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी जसे उभे होते तसे, अथवा त्यानंतर बांधलेले असल्यास प्रथम बांधले तसे.

ह्याखेरीज काही घरांना ही सवलतच नाही. इमारतीतील फ्लॅटला ती नाही. ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत घातलेल्या घराच्या आवारात साधी खोपी घालावयाची तरी अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय उद्याने, निसर्गसौंदर्यासाठी राखलेले प्रदेश आणि जुन्या वस्तीचे संरक्षित भाग ह्यांत घराच्या बाजूस शेड घालता येत नाही. नव्या वसाहतींत तर घरे बांधतानाच कौन्सिलने ही सवलत काढून घेतलेली असते, आणि ती अट घर विकत घेणाराच्या कागदपत्रांत कोठेतरी दडून बसलेली असते. म्हणून शेड घालण्यापूर्वी कौन्सिलकडून 'हे बांधकाम कायदेशीर आहे' असा दाखला मागून घेता येतो. दाखला सक्तीचा नाही. परंतु पुढे घर विकावयाचे झाले म्हणजे घेणाराचा वकील तो हमखास मागतो, म्हणून आम्ही तो घेण्याचाच सल्ला देतो.

आपल्याकडील रीत ह्याच्या नेमकी उलट आहे. गोव्यात १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे बांधकामास आधी पंचायतीची लेखी परवानगी लागते. पंचायतीने तीस दिवसांत होय-नाही कळविले नाही तर वर अपील करावयाचे. आधी विचारा, मग बांधा, हा आपला क्रम. तेथे विचारल्यावाचून बांधता येते, पण मापात बांधले पाहिजे. येथून गेलेल्या मनुष्याचा ह्यावरून एक गैरसमज होतो. कोणी विचारावयास येत नाही, तलाठी नाही, सरपंच नाही, तेव्हा आपणांस हवे ते करण्याची मुभा आहे, असे तो समजून चालतो. वास्तविक तेथे शेजारी असतो. आणि शेजाऱ्याने एक पत्र टाकले की कौन्सिलचा मनुष्य मोजपट्टी घेऊन दारात येतो.

आता दुसरा कायदा. वर सांगितला तो जमिनीच्या वापराचा. इमारतीच्या सुरक्षिततेचे नियम त्याहून वेगळे आहेत, आणि एकात सुटलेला मनुष्य दुसऱ्यात अडकू शकतो. पंधरा चौरस मीटरांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे एकशेसाठ चौरस फुटांच्या, सुट्या शेडीस हे नियम लागू नाहीत. पंधरा ते तीस चौरस मीटरांच्या एकमजली शेडीसही लागू नाहीत, मात्र ती हद्दीपासून निदान एक मीटर दूर असावी अथवा बहुतांशी न जळणाऱ्या साहित्याची असावी. लाकडी शेडीस आग लागली म्हणजे ती कुंपणावरून शेजारच्या शेडीस धरते, म्हणून ही अट. विजेचे काम मात्र शेड केवढीही असो, नियमाप्रमाणेच व्हावे लागते.

आणि ह्या दोन्ही मापांना मिळून एक समान अट आहे : तीत निजावयाची सोय नसावी. दहा चौरस मीटरांची खोपी असली तरी तीत खाट पडली की सूट संपली. जमिनीच्या वापराचा कायदाही वेगळ्या शब्दांत हेच सांगतो. शेड मुख्य घराच्या उपभोगास आनुषंगिक असावी, ते स्वतंत्र राहते घर नसावे, असे तो म्हणतो. सामान ठेवा, सुतारकाम करा, मुलांना खेळू द्या, टेबल मांडून लिहा. पण निजणे, रांधणे आणि राहणे ही घराची कामे आहेत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका आईने आपल्या मुलाने पाठविलेले छायाचित्र आम्हांस दाखविले. मुलगा हसतमुख, अंगात जाड स्वेटर, पाठीमागे खाट. "खोली बरी मिळाली, फादर, एकट्याची आहे," ती म्हणाली. आम्ही चित्र निरखून पाहिले. भिंत फळ्यांची होती, खिडकी कोठे दिसत नव्हती, खाटेशेजारी विजेची शेगडी होती आणि कोपऱ्यात गवत कापण्याच्या यंत्राची मूठ दिसत होती. घर आपल्याच माणसाचे, भाडे दर आठवड्यास रोख, पावती नाही. आम्ही त्या माउलीस त्या वेळी काय सांगावयाचे ते सांगितले. परंतु असे हे एकच चित्र नाही, हे आम्हांस ठाऊक आहे, म्हणून येथे लिहीत आहो.

लंडनच्या पश्चिमेकडील वस्त्यांत हा प्रकार इतका वाढला की त्यास एक नावच पडले, 'शेडींतल्या खाटा'. २०१२ साली सरकारने तो रोखण्यासाठी काही कौन्सिलांना खास पैसे दिले. २०१३ साली स्लाऊ येथील कौन्सिलने रात्रीच्या वेळी शहरावरून विमान फिरविले. उष्णता टिपणारा कॅमेरा त्यात बसविला होता. रिकाम्या शेडी थंड असतात, पण जीत माणूस शेगडी लावून निजला आहे ती त्या चित्रात उजळून दिसते. त्या एका शहरात सहा हजारांहून अधिक शेडी संशयास्पद निघाल्या. त्या साऱ्यांतच माणसे राहत होती असे नव्हे, आणि तसे कौन्सिलनेही म्हटले नाही. तरी एकेका शेडीमागे जाऊन पाहावे, एवढे कारण मात्र खचित मिळाले.

कायदा ह्या एका खाटेसाठी एवढा का अडून बसतो, हे समजून घेतले पाहिजे. जागा माणूस धूर दिसताच बाहेर पळतो. निजलेला पळत नाही. शेडीला दार एक, खिडकी असली तर न उघडणारी, आणि तारा मुख्य घरातून कुंपणाशी लोंबत आणलेल्या. थंडीपायी मनुष्य फटी चिंध्यांनी बुजवून घेतो, आणि आत रॉकेलची किंवा गॅसची शेगडी असेल तर तिच्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू कोंडून राहतो. त्या वायूस रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागते, गुंगी येते, आणि झोपलेल्यास जाग येत नाही. ओल तर विचारूच नये. फळ्यांच्या भिंतीवर श्वासाचे पाणी होऊन ते अंथरुणात उतरते, आणि दोन हिवाळ्यांत तरण्याताठ्या मुलाची छाती बिघडते. जेथे पाच किंवा अधिक भाडेकरू निरनिराळ्या कुटुंबांतले असतात अशा घरास परवाना लागतो, व २०१८ च्या ऑक्टोबरपासून त्यात एका प्रौढ माणसाच्या निजण्याच्या खोलीस निदान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट जागा असावी लागते. आपल्याकडील पुष्कळ खोल्या ह्या मापात बसणार नाहीत हे खरे. पण आपल्याकडे अर्धे आयुष्य अंगणात जाते, तेथे जानेवारीत ते जात नाही.

घर आपले असलेल्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पुष्कळांना वाटते की आपण उपकारच करीत आहो : गावचा मुलगा आला, त्यास जागा नाही, आपण परसात सोय केली. पहिल्या आठवड्यापुरता तो उपकार असेलही. आणि तेव्हाही घरातल्या बैठकीतील कोच त्या शेडीहून बरा. भाडे घेऊन वर्षभर ठेवणे ह्यास उपकार म्हणता येत नाही. कौन्सिलने वापर बंद करण्याची नोटीस बजावल्यावर ती न मानणे हा गुन्हा आहे. त्याच्या दंडास कमाल मर्यादा नाही, आणि गुन्ह्यापासून मिळविलेला पैसा म्हणून त्या काळातले भाडेही न्यायालय जप्त करू शकते.

"काही वर्षे लपवून काढली की कायदेशीर होते", हा सल्ला साउथॉलपासून स्विंडनपर्यंत सर्वत्र फुकट मिळतो. त्यात पूर्वी थोडे तथ्य होते. चार वर्षे कौन्सिलने हालचाल केली नाही तर बांधकाम सुटत असे. सरे परगण्यातील एका शेतकऱ्याने तर गवताच्या गंज्यांची उंच भिंत रचून तिच्या आड चक्क एक लहानसा किल्ला बांधला, चार वर्षे कुटुंबासह आत राहिला आणि २००६ साली गंज्या हटविल्या. न्यायालयाने ते मानले नाही. २०१६ साली तो किल्ला पाडावा लागला. हर्टफोर्डशायरमध्ये दुसऱ्या एकाने गवताच्या कोठारासाठी परवानगी घेतली आणि बाहेरून कोठार दिसेल असे राहते घर बांधले. त्याचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फसवणूक करणारास मुदतीचा लाभ नाही असा निकाल २०११ साली झाला. त्याच वर्षी कायद्यातही तशी सुधारणा झाली. आता तर २५ एप्रिल २०२४ पासून चार वर्षांची मुदत जाऊन दहा वर्षांची आली आहे. जी बांधकामे त्या तारखेपूर्वी पुरी झाली होती त्यांना तेवढी जुनी मुदत. ज्यांस दहा वर्षे पडदे ओढून भाडेकरू ठेवावयाचा आहे त्यांनी तो हिशेब स्वतःशी करावा.

एका प्रसंगी मात्र आम्हांस घरमालकांची अडचण खरोखर समजते. नातवंडे सांभाळावयास आईवडील येथून जातात, सहा महिने राहतात, आणि घरात खोल्या दोनच असतात. परसात त्यांच्यासाठी नीट एक खोली असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी सरळ वाट आहे. कौन्सिलकडे जोडखोलीसाठी रीतसर अर्ज करावा आणि बांधकामाच्या नियमांप्रमाणे तपासणी करून घ्यावी. मग भिंतीत थंडी अडविणारा थर, उघडणारी खिडकी, धुराचा इशारा देणारे यंत्र, सांडपाण्याची सोय, सारे आपोआप व्हावेच लागते. खर्च होतो, महिने जातात, आणि अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. तथापि सत्तरीच्या आईला सायकलींच्या शेडीत निजविण्यास दुसरा कोणताच खुलासा पुरणार नाही.

उरला तो शेडीत राहणारा मुलगा. नियमभंग मालकाचा असला तरी नोटीस आली म्हणजे जागा त्यालाच सोडावी लागते. ह्या भीतीने, कागदपत्रे चोख असलेली मुलेही तोंड मिटून राहतात. त्यांनी एवढे जाणावे की बेघर होण्याची पाळी आलेल्यास फुकट सल्ला देणे हे तेथील कौन्सिलच्या गृहविभागाचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे. 'सिटिझन्स ॲडव्हाइस' आणि 'शेल्टर' ह्या संस्थाही पैसे न घेता मार्ग सांगतात. भाडे बँकेतून द्यावे, म्हणजे दिल्याचा पुरावा राहतो. खोलीची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावी.

आणि येथील आईबापांनी फोनवर जेवलास का एवढेच विचारून थांबू नये. खोली घरात आहे की परसात? भिंत विटांची की फळ्यांची? खिडकी उघडते काय? शेगडी कसली आहे? न्हाणीघरात जाण्यासाठी रात्री पावसात बाग ओलांडावी लागते काय? भाड्याच्या घरात १ ऑक्टोबर २०१५ पासून प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचे यंत्र बसविणे मालकावर बंधनकारक आहे. ते छतावर आहे काय, आणि त्याची कळ दाबली असता वाजते काय, हे मुलाकडून फोन चालू असतानाच पाहून घ्यावे.